‘तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असतं तर?’ : किडनीविक्रीविरुद्ध तत्त्वाला धरून कसं बोलावं

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘किडनीच्या खरेदी-विक्रीला कायद्याने परवानगी द्यावी, या मागणीविरुद्ध मी लेख लिहिला. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. लेखात तीन मुद्दे होते. गरिबांचं शोषण होईल. मानवी शरीर ही विकायची वस्तू नाही. आज किडनी विकली तर उद्या लोक डोळेही विकतील. एका वाचकाने एवढंच विचारलं, “तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असतं तर?” मला उत्तर देता आलं नाही. अशा विषयावर तत्त्वाला धरून जाहीर भूमिका कशी घ्यायची?’

मी बरीच वर्षं रुग्णालयांच्या नैतिकता समित्यांवर काम करतो, आणि या विषयावर माझी भूमिका साधारण तुमच्यासारखीच आहे. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझं पारडं कुठे झुकतं याचा तुम्हाला अंदाज राहील. जाहीर लिहिताना तुम्हीही हे करा. लेखकाचा हितसंबंध किंवा कल वाचकाला तिसऱ्या परिच्छेदात स्वतः शोधून काढावा लागला, की उरलेला लेख तो संशयाने वाचतो.

आता तुमचे तीन मुद्दे. पहिला अंदाज आहे, तिसरा भीती आहे. दुसरा तत्त्वासारखा दिसतो खरा, पण इतका ऐसपैस आहे की त्यात वाटेल ते मावतं. त्या वाचकाचा प्रश्न तुम्हाला लागला, कारण या तिन्हींत तुमच्या भूमिकेची झळ कुणाला बसते याचा उल्लेखच नव्हता. तिकडे शेवटी येतो.

‘शोषण होईल’ हे विधान तपासता येण्यासारखं आहे, आणि ते तपासलंही गेलं आहे. २००२ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चेन्नईतल्या, किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. कर्जापायी विकणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोक पाहणीच्या वेळीही कर्जातच होते. कुटुंबाचं सरासरी उत्पन्न विक्रीनंतर सुमारे एक-तृतीयांशाने घटलं होतं. ८६ टक्के लोकांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या कुणाला हा सल्ला द्याल का, यावर ७९ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले.

हे आकडे तुमच्या लेखात हवे होते. पण तेवढ्याने भागत नाही. विक्रीची बाजू घेणारा जाणकार माणूस यावर म्हणेल, ‘बरोबर आहे. त्या व्यवहारांत ठरल्यापेक्षा कमी पैसे हातात पडत होते, नंतर तब्येतीची विचारपूस करायला कुणी नव्हतं. म्हणूनच तर आम्ही म्हणतो, व्यवहार उघड करा, मोबदला ठरवून द्या, पुढची तपासणी सक्तीची करा.’ मग तो इराणचं नाव घेईल. तिथे १९८८ पासून नात्याबाहेरच्या जिवंत दात्याला मोबदला देण्याची सरकारमान्य व्यवस्था आहे. तिच्यामुळे प्रतीक्षायादी संपली, असा दावा केला जातो. त्या दाव्यावर वादही आहे. आता तुम्ही काय म्हणाल?

इथे बहुतेक लेखक हळूच पाय दुसऱ्या दगडावर ठेवतात. आकडे अडचणीत आले की ‘पण शरीर ही वस्तू नाही’ म्हणतात, आणि तिथे कोणी अडवलं की पुन्हा आकड्यांकडे. वाचकाला हे कळतं. म्हणून लेख लिहायला घेण्याआधी एका कागदावर एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढा : समजा, विकणाऱ्याची तब्येत ठणठणीत राहिली, पैसे पूर्ण मिळाले, कर्ज फिटलं, फसवणूक झाली नाही, तरीही माझा विरोध राहील का?

‘नाही’ असं उत्तर आलं, तर तुमचा विरोध सशर्त आहे. त्यात कमीपणा काही नाही. मग लेखात स्पष्ट लिहा की आजच्या परिस्थितीत नुकसान टाळता येत नाही म्हणून माझा विरोध आहे, आणि अमुक अमुक पुरावा समोर आला तर मी फेरविचार करीन. ‘हो’ असं उत्तर आलं, तर तुमचं खरं कारण नुकसानापलीकडचं आहे. ते शोधून शब्दांत मांडायला हवं, आणि मग चेन्नईचे आकडे तुमचा मुख्य पुरावा उरत नाहीत, ते जोडीला येतात. दोन्ही भूमिका मानाच्या आहेत. त्यांची सरमिसळ मात्र टिकत नाही.

माझं स्वतःचं उत्तर ‘हो’ आहे. त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यावर मला जास्त रेंगाळावं लागणार आहे.

‘मानवी शरीर ही विकायची वस्तू नाही.’ ऐकायला भारदस्त. पण हे वाक्य लिहिलं की त्याच्या आवाक्यात काय काय येतं ते पाहा. अमेरिकेत रक्तद्रव (प्लाझ्मा) देणाऱ्याला पैसे मिळतात, आणि त्या रक्तद्रवापासून बनलेली औषधं असे देशही विकत घेतात जिथे रक्ताचे पैसे घेणं निषिद्ध मानलं जातं. ब्रिटनचंच पाहा. तिथे रक्तदान स्वेच्छेचं, विनामोबदला, आणि त्याचा सार्थ अभिमानही. पण ‘मॅड काऊ’ या गुरांच्या रोगाशी जोडलेल्या, माणसाच्या मेंदूच्या आजाराच्या भीतीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे स्वतःच्या लोकांचं रक्तद्रव औषधांसाठी वापरणं थांबवलं गेलं, आणि पुढची वीसेक वर्षं बाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून, रक्तद्रव येत राहिलं. मग औषधांच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या घ्या. तिथे धडधाकट माणसं पैसे घेऊन नवं औषध अंगात टोचून घेतात. २००६ साली लंडनमध्ये अशाच एका चाचणीत औषध मिळालेल्या सहाही तरुणांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. त्या चाचण्यांना मंजुरी देतात त्या आमच्यासारख्याच नैतिकता समित्या. खाणीत उतरणारा कामगार फुप्फुसं झिजवून मजुरी घेतो, ते तर आपण मोजतही नाही.

म्हणजे शरीर किंवा शरीराची जोखीम विकणं आपण सर्रास चालवून घेतो. ‘शरीर विकू नये’ हे तत्त्व मानायचं तर हे सगळं बंद करा, अशी मागणी तुम्हाला करावी लागेल. ती करायची तयारी नसेल तर तत्त्व आखूड करा. मी ते कसं आखूड करत आणलं, ते सांगतो.

पहिला प्रयत्न साधारण असा असतो : ‘गरिबाची संमती ही खरी संमतीच नव्हे.’ हे मी कधीच लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. ज्याला कर्जाचा हप्ता, मुलीची फी आणि आईचं औषध यांचा मेळ रोज घालावा लागतो, त्याला निर्णय घेता येत नाही असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे. शिवाय या वाटेवर प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद उभा आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तत्त्वज्ञ जॅनेट रॅडक्लिफ रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. त्याचा गाभा असा : गरिबापुढे आधीच थोडे पर्याय असतात, आणि त्यातला त्याला त्यातल्या त्यात बरा वाटणारा पर्याय तुम्ही काढून घेता, त्याची गरिबी मात्र तशीच ठेवता, यात त्याचं कोणतं भलं झालं? या प्रश्नाला उत्तर न देता किडनीविक्रीच्या विरोधात लिहिलेला लेख मला अर्धवट वाटतो, त्यातली सगळी माहिती अचूक असली तरी.

माझं उत्तर असं आहे. एखादा पर्याय बाजारात आला की तो न निवडणाऱ्याचीही परिस्थिती बदलते. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी १९९० च्या दशकात चेन्नईतल्या किडनीविक्रीचा अभ्यास करताना नोंदवलं, की जिथे ही विक्री रुळते तिथे सावकाराच्या हिशेबात किडनी हे तारण होऊन बसतं. म्हणजे ज्याला किडनी विकायची नाही, त्यालाही ‘तुझ्याकडे विकायला आहे की’ असं सांगता येतं. पर्याय वाढला, पण ‘माझ्याकडे आता काहीच नाही’ असं म्हणायची सोय गेली.

तेव्हा माझं तत्त्व असं : माणसाच्या शरीरातला, परत न येणारा अवयव हा कुणालाही आपलं येणं वसूल करायला उपलब्ध असता कामा नये, आणि कायद्याने तो तसा उपलब्ध करून देऊ नये. रक्तद्रव पुन्हा तयार होतं, म्हणून ते बहुतांशी यातून सुटतं. चाचणीतला स्वयंसेवक जोखीम घेतो, पण अवयव जावा हा त्या व्यवहाराचा हेतू नसतो. खाणकामगाराचा प्रश्न मला पूर्ण सुटलेला वाटत नाही, आणि तसं लेखात लिहायला माझी हरकत नसते. फुप्फुसं परत येत नाहीत. तिथे माझं तत्त्व मला खाणींतल्या सुरक्षेबद्दल आजच्यापेक्षा कितीतरी कडक बोलायला लावतं.

पण हे तत्त्व सगळ्यात जास्त टोचतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि तिथे ते टोचू दिलं नाही तर मला किडनीविक्रीविरुद्ध बोलायचा अधिकार नाही असं मी मानतो. ते ठिकाण म्हणजे घरातलं दान.

प्रत्यारोपणाआधीच्या मुलाखतीचं दृश्य ठरलेलं असतं. टेबलापलीकडे रुग्ण, त्याचा मोठा भाऊ, आणि दात्री म्हणून बायको किंवा बहीण. आम्ही तिला विचारतो, ‘तुम्हाला हे कधी सुचलं?’ उत्तर भाऊ देतो : ‘तिची पूर्ण तयारी आहे, डॉक्टर.’ पुन्हा तिलाच विचारलं की ती मान हलवते. मग आम्ही सगळ्यांना बाहेर बसवतो आणि तिच्याशी एकटीशी बोलतो. तिला सांगतो की तुम्हाला नको असेल तर बाहेर फक्त ‘या दात्री म्हणून योग्य नाहीत’ एवढंच कळवलं जाईल. कारण कुणालाही सांगितलं जाणार नाही. काहीजणी तेवढं ऐकून ठाम ‘द्यायचीच आहे’ म्हणतात, आणि ते ऐकताना शंका राहत नाही. काहीजणी आधी दाराकडे बघतात.

इथे पैसा नाही, दलाल नाही, कायदाही मोडलेला नाही. पण वसुली आहेच : सून म्हणून, बहीण म्हणून, ‘त्याने तुझ्यासाठी इतकं केलं’ म्हणून. माझं तत्त्व खरं असेल, तर मला बाजारातल्या दबावाइतकंच घरातल्या दबावावर बोट ठेवावं लागेल. विक्री वाईट आणि दान पवित्र, अशी सोपी वाटणी करून जो लिहितो तो खरं तर पैशाच्या विरोधात लिहीत असतो, जबरदस्तीच्या नव्हे. हा मुद्दा लेखात तुम्ही स्वतःहून आणा. प्रतिपक्षाने आणला तर तो तुमची कोंडी करणारा ठरतो. तुम्ही आणलात तर वाचकाला दिसतं की हा माणूस स्वतःचीच फूटपट्टी स्वतःच्या सोयीच्या जागीही लावतो. तत्त्वाला धरून बोलणं म्हणजे माझ्या लेखी मुख्यतः एवढंच.

तिसऱ्या मुद्द्याला कमी जागा पुरेल. ‘आज किडनी, उद्या डोळे’ ही ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ या जातीची भीती आहे, आणि ती नेहमीच पोकळ असते असं नाही. पण काळ सोकावण्याची वाट दाखवावी लागते : कोण, कोणत्या दबावाखाली, कोणती पुढची पायरी मागेल? याचं शिकण्यासारखं उदाहरण भ्रूणसंशोधनात आहे. १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवू नये अशी शिफारस केली, आणि १९९० मध्ये तिचा कायदा झाला. १४ हा आकडा हवेतून आलेला नव्हता; त्या सुमारास भ्रूणात शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते, आणि त्यानंतर एका भ्रूणाचे दोन होत नाहीत. तीस वर्षं ती रेषा टिकली. पण तेव्हा तिथवर भ्रूण जगवता कुणाला येत होतं? २०१६ मध्ये दोन संशोधनगटांनी भ्रूण १२-१३ दिवसांपर्यंत वाढवून दाखवला, आणि २०२१ मध्ये मूलपेशी (स्टेम सेल) संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमधली सरसकट १४ दिवसांची बंदी काढून टाकली. यातून दोन्ही बाजूंना काही मिळतं. कारण देऊन आखलेली रेषा दीर्घकाळ टिकू शकते. आणि ती ओलांडायचं तंत्र हाती आलं की ती हलवण्याची मागणी होतेच. तुमच्या डोळ्यांच्या मुद्द्यात यातलं काहीच नव्हतं. किडनी एक गेली तरी दुसऱ्या किडनीवर माणूस जगतो, म्हणून ती विक्रीला निघते. डोळ्यांचं तसं नाही; नेत्रदान होतं ते मृत्यूनंतर. जिवंतपणी तुकडा काढून देता येतो असा दुसरा अवयव यकृत आहे; भीती घालायचीच तर ती तिथली घाला.

किळस किंवा धक्का यांचं काय करायचं, असंही लोक विचारतात. ती भावना लेखात नोंदवा, पण तिच्यावर निकाल देऊ नका. १९७८ मध्ये लुईस ब्राऊन ही प्रयोगशाळेतल्या फलनातून जन्मलेली पहिली मुलगी जगात आली, तेव्हा ‘हे अनैसर्गिक आहे’ म्हणणारे थोडेथोडके नव्हते. ते तंत्र विकसित करणाऱ्या रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं, आणि आज त्या मार्गाने झालेल्या मुलांकडे कोणी वळूनही बघत नाही. पण उलट बाजूही आहे : २०१८ मध्ये चीनचे शास्त्रज्ञ हे च्यान्क्वे यांनी जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभर उमटलेला धक्का पोकळ नव्हता. त्यामागे सांगण्यासारखी कारणं होती : गरज नसलेली जोखीम, पालकांची सदोष संमती, पुढच्या पिढ्यांत उतरणारा बदल. धक्का बसला तर आत कारण आहे का ते शोधा. सापडलं तर ते लिहा.

धार्मिक कारणाबद्दल एकच सांगतो. तुमचा विरोध श्रद्धेतून आला असेल तर लपवू नका. पण कायदा सगळ्यांसाठी असतो, तेव्हा तुमची श्रद्धा नसलेल्या माणसालाही पटण्याजोगं एक तरी कारण बरोबर द्या. ते सापडत नसेल तर ‘मी हे करणार नाही’ एवढंच लिहिणं प्रामाणिक. ‘कुणालाच करू देऊ नका’ यासाठी तेवढं पुरत नाही.

आणखी एक खबरदारी. ओळखीच्या रुग्णाची गोष्ट लेखात घालायचा मोह होतो. त्याची किंवा तिची परवानगी घ्या, नाव बदललं तरीही. गाव, आजार, नातं आणि वय एकत्र आलं की शेजारी ओळखतात. आणि परवानगी मिळाली तरी ती गोष्ट पुरावा म्हणून वापरू नका. प्रतिपक्षाकडेही एक गोष्ट असते, बहुधा तुमच्यापेक्षा जास्त रडवणारी.

आता तो वाचक. त्याचा प्रश्न हा युक्तिवाद नाही, हे खरं. त्याच मापाने तुम्हीही विचारू शकता, ‘तुमच्या मुलीने कर्जापायी किडनी विकायला काढली तर?’ आणि मग तोही गप्प होईल. पण असं विचारून तुम्ही फक्त बरोबरी साधाल. त्याच्या प्रश्नात एक खरी मागणी आहे : तुमच्या भूमिकेने कुणाला तरी वाट पाहत मरावं लागेल, ते तुम्ही कबूल करता का? विक्रीवर बंदी घातल्याने काही किडन्या मिळत नाहीत, आणि किडनी न मिळाल्याने काही माणसं जातात. बंदीच्या बाजूने लिहिणाऱ्याने हे पहिल्या पानावर लिहायला हवं. ते टाळणारा लेख कितीही सुबक असला, तरी डायलिसिसच्या खुर्चीवरून तो निर्दयच वाचला जातो.

ते कबूल केलं की पुढची जबाबदारी आपोआप येते. विक्री नको, तर काय हवं? मृत्यूनंतरचं अवयवदान वाढवणं. दाता आणि रुग्ण यांच्या न जुळणाऱ्या दोन जोड्यांमध्ये दात्यांची अदलाबदल. जिवंत दात्याची बुडालेली मजुरी, प्रवास आणि नंतरचे उपचार यांचा खर्च भरून देणं. नुकसानभरपाई आणि मोबदला यांतला हा फरक अवयव-व्यापाराविरुद्धच्या २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्यातही केलेला आहे. इस्राएलने २००८ च्या कायद्याने एक वेगळी वाट काढली : ज्याने दाता म्हणून आधी नोंदणी केली आहे, त्याला स्वतःला गरज पडल्यास प्रतीक्षायादीत काही प्राधान्य. त्यावर आक्षेप घेता येतात, पण तो ठोस पर्याय आहे. यातला एखादा तरी नीट अभ्यासून मांडा. सगळेच वरवर मांडण्यापेक्षा एक खोलात गेलेला बरा.

त्या वाचकाला उत्तर जरूर द्या, उशीर झाला असला तरी. मी असतो तर साधारण असं लिहिलं असतं :

‘माझ्या घरात कोणी डायलिसिसवर असतं, तर मिळेल तिथून किडनी विकत आणावी असं मला नक्की वाटलं असतं. कदाचित मी प्रयत्नही केला असता. कायदा कसा असावा हे ठरवताना मात्र मला दोन घरं एकाच वेळी बघावी लागतात, तुमचं आणि विकणाऱ्याचं. माझ्या भूमिकेमुळे तुमच्या घरातल्या माणसाची प्रतीक्षा लांबू शकते, हे मला मान्य आहे आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. तरीही कुणाच्या कर्जापोटी त्याच्या शरीरातला अवयव मागता येईल अशी सोय कायद्याने करू नये, असं मला वाटतं. दात्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी सार्वजनिक पैशातून भरून निघावी, यासाठी मी पुढचा लेख लिहितो आहे. तुम्हाला प्रतीक्षायादीचा अनुभव असेल, तर त्यात नेमकं कुठे अडतं ते मला कळवाल का?’